एक नंबरची दोरी

"हा सूट आता इतका विरलाय की तुझ्याआधी त्यालाच पुरावं लागेल," असं म्हणत इशबेलनं काळ्या पँटवरून इस्त्री फिरवली.

"जपून गं," मर्डो म्हणाला. "त्या सुटात मी बुडालोय, जळालोय, गोळ्या खाल्ल्यात. अजून शिवण उसवलेली नाही."

मर्डो गिलफिलन हा ग्लासगोतला, टीव्हीवर कामं करणारा नट. मराठी कानांना त्या नावात मुडदा ऐकू आला तर कानांना दोष देऊ नये. त्याची सगळी कारकीर्द त्याच दिशेनं गेली होती. मालिका कुठलीही असो, पहिल्या जाहिरातीच्या आत मर्डो मेलेला असे. धरणात सापडलेला हिशेबनीस तो, शेकोटीपाशी थिजून बसलेला जमीनदार तो, आणि कपाट उघडल्यावर अंगावर पडणारा माणूसही तोच. एकदा त्याला डॉक्टरची भूमिका मिळाली तेव्हा इशबेलनं शेजारीपाजारी केक वाटला होता. डॉक्टर कशाला मरेल? तिसऱ्या मिनिटाला पेशंटनंच त्याचा गळा दाबला.

यामुळे झालं असं, की अख्ख्या स्कॉटलंडला मर्डोचा चेहरा पाठ होता आणि नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आता, ग्लासगोच्या माणसाला एक गोष्ट काही केल्या जमत नाही. ओळखीच्या चेहऱ्याला तो "आपण कोण?" असं विचारू शकत नाही. त्यात त्याला समोरच्याचा अपमान वाटतो. त्यापेक्षा तो स्वतःच काहीतरी ठरवून टाकतो. बसमध्ये बायका मर्डोला निरखून बघत आणि म्हणत, "तुम्हीच ना आमचा बॉयलर बसवलात?" सुरुवातीला तो खुलासा करायचा. पण "मी टीव्हीवर मरतो" हे भरल्या बसमध्ये सांगायला बरं वाटत नाही. पुढे पुढे तो नुसतं "हो, नीट चालतोय ना?" असं विचारून खाली उतरू लागला.

आणि साठी उलटल्यावर एक दिवस लंडनहून फोन आला. सहा भागांची मालिका, मुख्य भूमिका, आणि तो माणूस सहाव्या भागाच्या शेवटी जिवंत.

"जिवंत म्हणजे नुसता बेशुद्ध नाही ना?" इशबेलनं विचारलं होतं.

"बोलतो, चालतो, शेवटच्या प्रसंगात सूप पितो."

"सुपात विष नाही ना?"

"विचारून घेतलंय."

इशबेलनं डोळे पुसले. इतकी वर्षं नवऱ्याला मरताना बघून तिची माया आटली नव्हती, पण ती थकली होती हे खरं.

मालिकेच्या दिग्दर्शिका इमोजेनबाई. त्यांची पद्धत जगावेगळी. संहिता नाही, तालीम नाही, कॅमेरे झाडाझुडपांत लपवलेले. नटानं जागेवर जायचं, समोरचा जे म्हणेल ते मान्य करायचं आणि काही झालं तरी भूमिका सोडायची नाही. ज्यानं सोडली, त्याची गेलीच. पहिली चाचणी क्रेगमूरच्या दफनभूमीत, प्रसंग अंत्यविधीचा, मर्डो मयताचा नातेवाईक. "शूटिंग दहाच्या पाठीला," बाईंनी फोनवर सांगितलं. "बाराला तिथेच जेवण, तेव्हा सगळ्यांशी ओळख होईल."

घोटाळा इथेच झाला. ग्लासगोत 'दहाच्या पाठीला' म्हणजे दहा वाजून गेल्यावर थोड्या वेळानं. इथलं शाळकरी पोरसुद्धा दुसरा अर्थ घेणार नाही. पण इमोजेनबाई लंडनच्या. त्यांच्या समोरच्या नकाशात दफनभूमीचे नंबर घातलेले भाग होते, आणि दहा नंबरच्या भागामागे एक छान मोकळी जागा होती. त्यांनी मर्डोला बाराला जेवायला बोलावलं होतं आणि जेवणानंतर त्या मोकळ्या जागेत उभं करायचं होतं. मर्डो मात्र दहाच्या पाठीला, म्हणजे त्याच्या मते अगदी वेळेवर, क्रेगमूरच्या फाटकात शिरला.

आत खरोखरच अंत्ययात्रा चालली होती. मयताचं नाव गिबी मक्लॅची. जन्मभर जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला, सगळ्यांना हवाहवासा माणूस. मर्डोला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला दिसली ती उत्तम निर्मिती. काय ते कपडे, काय ते चेहरे! एक जाडजूड बाई तर अशी रडत होती की मर्डोला तिचा हेवा वाटला. नाक लाल, टोपी तिरकी, हातरुमाल पिळून काढण्याजोगा. लंडनवाले पैसा ओततात तो असा, असं मनाशी म्हणून तो मान खाली घालून मागोमाग चालू लागला.

ती जाडजूड बाई म्हणजे गिबीची बहीण नेटा. तिनं नाक शिंकरायला मान वळवली आणि मर्डोला बघून ती थबकली.

"डंकन, हा कोण रे?" तिनं शेजारच्या चुलतभावाला ढोसलं. "चेहरा ओळखीचा आहे."

"माझ्याही आहे," डंकन म्हणाला. "बॉयलरवाला तर नव्हे?"

"बॉयलरवाला काळा सूट घालून येतो होय रे? नीट बघ. हा चेहरा मी आयुष्यभर बघत आलेय. अगदी आपल्या बैठकीच्या खोलीत बघितलाय!" नेटाचे डोळे विस्फारले. "अगं बाई गं! लॉकी!"

लॉकी म्हणजे गिबीचा थोरला भाऊ. तीस वर्षांपूर्वी रागावून कॅनडाला गेलेला. तेव्हापासून ना पत्र, ना फोन, ना नाताळचं कार्ड.

"लॉकी?" नेटा जवळ येऊन ओरडली. "तूच ना रे?"

समोरचा जे म्हणेल ते मान्य करायचं. मर्डोनं एक खोल श्वास घेतला. "मीच," तो म्हणाला.

"कॅनडाहून आलास?"

"थेट कॅनडाहून."

नेटानं त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, आणि मग लगेच त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. "मेल्या! तीस वर्षं! का तर तू थोरला असून बाबांना पुरताना तुला पायाकडची दोरी मिळाली आणि डोक्याकडची गिबीला! एका दोरीसाठी समुद्र ओलांडून गेलास!"

हे ऐकून मर्डो मनातून थरारला. काय कथानक होतं! आमच्याकडे स्कॉटलंडात शवपेटी कबरीत उतरवायला आठ दोऱ्या असतात आणि त्या आठ जणांना आधीच नंबरांची कार्डं वाटतात. एक नंबरची दोरी डोक्याशी, ती सगळ्यांत जवळच्या माणसाची. लग्नाचं आमंत्रण चुकलं तर लोक विसरतात, पण दोरीचा नंबर चुकला तर घरं फुटतात. हे लंडनच्या बाईंना कळलंच कसं, याचं मर्डोला फार कौतुक वाटलं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

नेटानं त्याच दंडावरून हात फिरवला. मक्लॅची घराण्यात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलेलं नव्हतं.

अंत्यविधीची व्यवस्था बघणारे मिस्टर पर्डी पुढे आले. "मयतांची शेवटची इच्छा होती की एक नंबर लॉकीला द्यावा," ते घसा खाकरून म्हणाले. "ते येणार नाहीत असं समजून आम्ही तो मिस्टर डंकन यांना..."

"काढा त्याच्याकडून!" नेटा म्हणाली.

"अगं, पण मी घरी सराव केलाय," डंकन म्हणाला. "अंगणात. बटाट्यांचं पोतं बांधून."

"सात नंबर रिकामा आहे, तो घे आणि गप उभा राहा."

डंकननं कार्ड दिलं ते अशा चेहऱ्यानं, की कॅनडाला जाणारं पुढचं विमान कधी आहे हे तो मनातल्या मनात आठवत असावा. गिबीची बायको एफी, लहानखुरी, पांढऱ्या केसांची बाई, एवढा वेळ काहीच बोलली नव्हती. तिनं मर्डोकडे डोकं जरा कलतं करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "घेऊ दे त्यांना."

आठ जणांनी आठ दोऱ्या धरल्या. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, आणि पेटी हळूहळू खाली उतरली. मर्डो दोरी सोडता सोडता कॅमेरा शोधत होता. डावीकडे एक जुनं झाड होतं. असेल तर त्यातच असणार. त्यानं चेहरा झाडाकडे वळवला, हनुवटी थोडी उचलली आणि एक अश्रू गालावर येऊ दिला. बाकीच्या मंडळींनीही वळून झाडाकडे बघितलं. झाडावर एक कावळा होता.

"गिबीचाच आत्मा," कुणीतरी कुजबुजलं, आणि दोनतीन जणांनी कावळ्याला टोपी काढून नमस्कार केला.

पेटी तळाला टेकली. पण मर्डोचं समाधान झालं नव्हतं. अश्रू उशिरा आला होता, मान चुकीच्या क्षणी वळली होती. आयुष्यात पहिल्यांदा उभं राहून काम करायला मिळालं होतं आणि तेच कच्चं झालं. सुपाचा प्रसंग त्याच्या डोळ्यांसमोरून निसटू लागला.

"थांबा," तो म्हणाला. "दोऱ्या सोडू नका. मला ते नीट जमलं नाही. परत एकदा घेऊ या."

"काय घेऊ या?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"पेटी. वर घेऊ या आणि परत उतरवू या. या वेळी मनापासून."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मिस्टर पर्डींचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळापासून आमचा हा धंदा आहे," ते म्हणाले. "आमच्याकडून गेलेलं गिऱ्हाईक कधी परत आलेलं नाही."

"कॅनडात दोनदा पुरत असतील," नेटा हुंदका देत म्हणाली. "एवढ्या लांबून आलाय बिचारा. ओढा रे!"

गिबी जन्मभर बटाट्यावर आणि लोण्यावर वाढलेला माणूस होता. पेटी वर येता येता आठही जणांच्या तोंडाला फेस आला. "एक, दोन, हेऽऽ!" करत त्यांनी ती कशीबशी फळ्यांवर आणून टेकवली. डंकनची पँट मागून टर्रकन फाटली. मर्डो भारावून गेला. एकाही नटानं भूमिका सोडली नव्हती.

तेवढ्यात फाटकापाशी टॅक्सी थांबली. तिच्यातून एक टकला, लालबुंद माणूस उतरला आणि बॅग ओढत, धापा टाकत कबरीपाशी आला.

"विमान रखडलं," तो गुरकावला. "माझी दोरी कुठाय?"

"तुम्ही कोण?" नेटानं विचारलं. हे ती विचारू शकली, कारण हा चेहरा तिनं खरोखरच कधी बघितलेला नव्हता. तीस वर्षांत लॉकीचे केस गेले होते, पोट आलं होतं, आणि हनुवटीच्या खाली आणखी एक हनुवटी आली होती.

"कोण म्हणजे? लॉकी! लॉकी मक्लॅची!"

"चल, चालू लाग," नेटा म्हणाली. "आमचा लॉकी हा इथे उभा आहे."

मर्डोला वाटलं, आता खरा सामना. हा लंडनचा मोठा नट असणार, ऐन वेळी अंगावर सोडलेला. "मित्रा," तो शांतपणे म्हणाला, "दुःख मोठं आहे, माणसाला भ्रम होतो."

"भ्रम? माझी दोरी सोड!"

टकल्यानं एक नंबरच्या दोरीचं दुसरं टोक धरून हिसका दिला. मर्डोनंही दिला. पेटी फळ्यांवर डावी-उजवीकडे डुलायला लागली. मिस्टर पर्डी पेटीवर पोटावर आडवे पडले आणि तिथूनच सगळ्यांना शांत राहायची विनंती करू लागले.

"गप बसा दोघं!" नेटा गरजली. "आत्ता निकाल लावते. घर सोडलंस त्या दिवशी दारात उभा राहून गिबीला काय म्हणालास? सांगा!"

टकल्याचे कान लाल झाले. तो बुटांकडे बघू लागला. त्या दिवशी तो जे म्हणाला होता ते पाद्रीबाबांसमोर सांगण्याजोगं नसावं.

मर्डोनं संधी साधली. "मी म्हणालो," तो हळुवारपणे बोलू लागला, "गिबी, चूक माझी आहे. तू धाकटा असलास तरी बाबांचा लाडका तूच होतास. दोरी तुझीच. मला माफ कर."

बायका ढसाढसा रडू लागल्या. डंकनसुद्धा फाटलेल्या पँटवर हात धरून रडला. "हाच आपला लॉकी!" चहूकडून आवाज उठला.

"साफ खोटं!" टकला पाय आपटून किंचाळला. "मी असलं काही बोललो नाही! मी जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही, आणि मागणारही नाही! दोरी माझीच होती!"

नेटानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा लॉकी आहे," ती म्हणाली.

आणि मग सगळ्यांच्या माना मर्डोकडे वळल्या. "मग तू कोण?"

त्याच वेळी मागच्या झुडपांतून टाळ्यांचा आवाज आला. इमोजेनबाई तिथे उभ्या होत्या, पाठीमागे कॅमेरे वाहणारी माणसं. "विलक्षण!" त्या म्हणाल्या. "मिस्टर गिलफिलन, तुम्ही इतक्या लवकर इथे काय करताय? आमचं शूटिंग अजून सुरूच व्हायचंय. ते तिकडे, मागे."

मर्डोच्या हातातून दोरी गळून पडली. "म्हणजे ही सगळी मंडळी...?" त्यानं पेटीकडे बोट केलं. "आणि हे?"

"तो गिबी," नेटा म्हणाली. "खरोखरचा."

मर्डो आयुष्यात अनेकदा मेला होता, पण मरावंसं त्याला प्रथमच वाटलं. समोर खड्डा तयार होता आणि त्यात उडी घेण्याचा मोह त्याला खरंच झाला. लोकांचं खरं दुःख आपण अभिनय म्हणून बघत बसलो, एका मेलेल्या माणसाला कबरीतून परत वर ओढायला लावलं, या विचारानं त्याला वर बघवेना. "मला वाटलं, हे माझं काम आहे," एवढंच तो पुटपुटला.

इमोजेनबाईंचं मात्र त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या लॉकीभोवती फिरत होत्या. "हा चेहरा! सख्खी बहीण ओळखत नाही! हा हट्ट! मिस्टर गिलफिलन, राग मानू नका, पण तुम्हाला आत्ता इथे प्रत्येक माणसानं ओळखलं. मला असा माणूस हवाय ज्याला कुणीच ओळखत नाही." त्या लॉकीकडे वळल्या. "तुम्ही टीव्हीवर काम कराल?"

"माझं नाव सगळ्यांत पहिलं येणार असेल तर," लॉकी म्हणाला.

सूप गेलं. सहाही भाग गेले. "पहिल्या भागात एक प्रेत आहे," इमोजेनबाई मर्डोला म्हणाल्या. "सुरुवातीलाच. ते तुम्ही कराल का?"

मर्डोनं सवयीनं मान डोलावली आणि फाटकाकडे वळला. चार पावलं टाकली असतील नसतील, तेवढ्यात कुणीतरी त्याची बाही धरली. एफी होती.

"बाई, मला क्षमा करा," मर्डो म्हणाला. "मला कळलंच नाही."

"मला कळलं होतं," एफी म्हणाली. "तुम्ही फाटकातून आलात तेव्हाच. तुम्ही मर्डो गिलफिलन."

मर्डोनं आ वासला. हे नाव पगाराच्या चेकवर सोडून त्यानं फारसं कुठे ऐकलं नव्हतं.

"आमच्या गिबीला तुमचं फार वेड. तुम्ही पडद्यावर आलात की मला स्वयंपाकघरातून हाक मारायचा. 'एफी, आपला माणूस आला, लवकर ये, आत्ता मरेल!' आणि तुम्ही मेलात की टीव्ही बंद. म्हणायचा, चांगलं होतं ते होऊन गेलं, आता पुढे बघण्यासारखं काय राहिलंय, किटली ठेव. एकही खुनी आम्हाला शेवटपर्यंत कळला नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? आपल्याला पुरायला मर्डो गिलफिलन आला, आणि खाली सोडून परत वर ओढायला लावलं, हे गिबीला कळतं तर हसून हसून मेला असता." तिनं नाक पुसलं. "डंकन पँट बदलायला गेलाय. सात नंबर मोकळा आहे. चला, धरा. आणि नंतर घरी गरम मांसाचा स्टेक-पाय भाजलाय, खाल्ल्याशिवाय जायचं नाही."

मग गिबी दुसऱ्यांदा खाली गेला. डोक्याशी लॉकी, ताठ मानेनं. मर्डो कडेला सात नंबरवर. या वेळी त्यानं झाडाकडे बघितलं नाही, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते कुणी न बोलावता आलं.

मालिका पानगळीच्या दिवसांत लागली. एफीच्या घरी मक्लॅची मंडळी खुर्च्या कमी पडल्यामुळे जिन्यावरसुद्धा बसली होती. मर्डो आणि इशबेलला सोफ्यावर मधोमध जागा होती. पहिल्याच प्रसंगात समुद्रकिनाऱ्यावर काळ्या सुटात मर्डो पालथा पडलेला दिसला. नेटा किंचाळली, "आला, आला, आपला माणूस!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका पोलिसानं त्याला उताणा केला, डोळे मिटले, अंगावर कापड ओढलं. इशबेलसुद्धा म्हणाली की आजवरच्या मरणांत हे सगळ्यांत देखणं झालं.

एफीनं उठून टीव्ही बंद केला. "चहा," ती म्हणाली.

कप तिसऱ्यांदा भरले जात होते तेवढ्यात फोन वाजला. लॉकी होता, लंडनच्या मोठ्या हॉटेलातून. पहिला भाग नुकताच संपला होता आणि त्याला राहवत नव्हतं.

"बघितलंत?" तो ओरडला. "सगळ्यांनी बघितलंत?"

"बघितलं तर," एफी म्हणाली. "अख्खं घर बसलं होतं."

"मग? कसं झालं काम?"

"फारच सुंदर. नेटाला तर रडू आवरेना."

लॉकीचा आवाज एकदम मऊ झाला. "कुठला प्रसंग जास्त आवडला गं?"

एफीनं मर्डोच्या बशीत केकचा मोठा तुकडा वाढला. "पहिलाच," ती म्हणाली.